पुरवणीतला लेख आणि ते सोळा दिवस

मा. संपादक यांस,
नमस्कार.

तुमच्या करिअर पुरवणीत हाय रिस्क प्रेग्नन्सीच्या डॉक्टरांवर लेख आला होता तो माझ्या भाचीने कापून ठेवलाय, मेडिकलला आहे ती आणि तिला याच लाइनला जायचंय. लेख वाईट नव्हता हो. आधी मेडिकलची डिग्री, मग प्रसूतीचं स्पेशलायझेशन, त्यावर परत दोन-तीन वर्षं याच विषयाची, पुढे स्कोप, सगळं होतं. पण वाचून असं वाटतं की हे डॉक्टर म्हणजे अवघड डिलिव्हरी करणारे. मी अशा एका मॅडमची पेशंट म्हणून सोळा दिवस अ‍ॅडमिट होते आणि त्यात डिलिव्हरीला लागला असेल पाऊण तास. उरलेल्या दिवसांत मॅडम काय करत होत्या? तर डिलिव्हरी होऊ देत नव्हत्या.

एकोणतिसावा आठवडा नुकताच लागला होता. पाय सुजले म्हणून दाखवायला गेले तर बीपी 160/110 आणि लघवीत प्रोटीन, म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया. या आजाराची गंमत (गंमत कसली डोंबलाची) अशी की त्यावर खरा इलाज एकच, बाळ आणि वार बाहेर काढणं. म्हणजे आईचं बघितलं तर आज काढलेलं बरं आणि बाळाचं बघितलं तर जितकं आत राहील तितकं बरं. हा हिशोब रोज सकाळी नव्याने मांडायचा, रात्री परत मांडायचा, आणि चुकला तर एक जीव जातो नाहीतर दोन. मला तर भाजीचा हिशोब दोनदा करावा लागतो.

राउंडला आल्या की फाइल उघडायच्या आधी मॅडम विचारायच्या, डोकं दुखतंय? डोळ्यापुढे काजवे चमकतात? उजव्या बरगडीखाली दुखतंय? मला आधी वाटलं सहज विचारतात, मग सिस्टरने सांगितलं की या आजारात आकडी येऊ शकते आणि तिच्या आधी शरीर हेच सांगतं म्हणून. पहिल्या दिवशी आकडी येऊ नये म्हणून मॅग्नेशियम सल्फेट चालू होतं तेव्हा त्या दर थोड्या वेळाने गुडघ्यावर छोटी हातोडी मारायच्या, पाय उडला की नुसतं हं म्हणून पुढे. पाय उडायचा बंद झाला तर औषध जास्त झालं समजायचं, नाहीतर पुढे श्वासावर येतं. एवढं शिकून शेवटी हातोडीच! पण याच औषधाची 2002 साली 33 देशांतल्या दहा हजारांवर बायकांवर तपासणी झाली आणि आकडीचा धोका निम्म्याहून खाली आला, हे मी घरी आल्यावर वाचलं.

बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून स्टेरॉइडची दोन इंजेक्शनं दिली, चोवीस तासांच्या अंतराने. त्यामागची गोष्ट मॅडमनीच स्कॅन करता करता सांगितली. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर काम करत होते, स्टेरॉइड दिलेली कोकरं दिवस भरायच्या खूप आधी जन्मूनही श्वास घेताना दिसली, मग हॉवी म्हणून दुसरे डॉक्टर होते त्यांच्यासोबत बायकांवर प्रयोग केला आणि 1972 ला छापलं. आणि तरी सगळीकडे सर्रास द्यायला लागेपर्यंत वीसेक वर्षं गेली! इंजेक्शन होतं, पुरावा होता, देत नव्हते. मला अजून राग येतो त्याचा. भाचीला मी हे मुद्दाम सांगितलं, कारण या लाइनमध्ये डिग्री मिळाली म्हणून वाचन थांबवून चालत नाही.

आता जे पुरवणीत छापत नाहीत ते. पहिल्याच रात्री शेजारच्या कॉटवर एक बाई होती, जुळं, दोघांना मिळून एकच वार. त्यात एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जाऊ शकतं म्हणून तिचं सारखं स्कॅनिंग चालू होतं. मॅडमनी मशीन लावलं आणि बोलायच्या थांबल्या. मग स्टूल ओढून तिच्या तोंडासमोर बसल्या आणि सरळ सांगितलं, एका बाळाचे ठोके बंद झालेत, दुसऱ्याचे चालू आहेत. गोल गोल काही नाही, नशीब वगैरे नाही. ती रडत होती तोवर बसून राहिल्या, कोणी बोलवायला आलं तर हातानेच थांब म्हणाल्या. मग बेसिनवर तोंड धुतलं आणि पडदा सरकवून माझ्याकडे आल्या, हातोडी घेऊन. डोकं दुखतंय का?

भाची विचारते, मावशी मला जमेल का. मला काय माहीत. अभ्यास जमेल तिला, हुशार आहे. पण काहीच न करता थांबायचं आणि त्या थांबण्याची जबाबदारी आपल्या नावावर घ्यायची, हे जमणं वेगळं. घरचे तर रोज विचारायचे, काढून का नाही टाकत एकदाचं. काहीच झालं नाही तर कोणी पेढे देत नाही, आणि या कामात काहीच न होणं म्हणजेच यश.

सोळाव्या दिवशी पहाटे प्लेटलेट खाली आल्या, बीपी औषधाला दाद देईना. मॅडमनी रिपोर्ट बघितला, फाइल मिटली, म्हणाल्या, आता बास, आज. बाराशे ग्रॅमचा मुलगा. तो सध्या सातवीत आहे आणि अजिबात ऐकत नाही.

पुढच्या वेळी हा विषय घ्याल तेव्हा अशा एखाद्या डॉक्टरला त्या थांबायच्या दिवसांबद्दल विचारा एवढीच विनंती. भाचीच्या कात्रणाच्या मागच्या बाजूला मी मॅडमचे ते तीन प्रश्न लिहून दिलेत.

आपली,
एक वाचक