एका रात्रीत जुना दर परत आला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत मध्यंतरी कंटेनर टेक्नॉलॉजीवर (एकाच मशीनवर प्रोग्राम वेगवेगळ्या बंद खोक्यांत चालवायची रीत) लेख आला होता, चांगला सोपा लिहिलेला, पण त्यात कंटेनर म्हणजे डॉकर (त्यासाठीचं एक सॉफ्टवेअर) असंच धरून सगळं लिहिलं होतं. मी बरीच वर्षं जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेवर काम करतोय आणि या एका समजुतीमुळे आमचं आणि आमच्यापेक्षा जास्त दूध घालणाऱ्या लोकांचं नुकसान झालेलं मी डोळ्याने बघितलंय, म्हणून हे पत्र.

आमचं सॉफ्टवेअर एका दूध संघाला होतं. सकाळ-संध्याकाळ कलेक्शन, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) मशीनवरून येतं, दर निघतो, पावती छापली जाते. दर काढायची रीत सारखी बदलते, म्हणजे नुसते आकडे नाही, 3.5 फॅटच्या वर पॉइंटला किती वाढवायचं, एसएनएफ कमी लागलं तर किती कापायचं, हा हिशोबच बदलतो. आकडेच असते तर डेटाबेसात बदलून भागलं असतं. म्हणून आम्ही ते ओएसजीआयवर (जावाचा प्रोग्राम सुट्या तुकड्यांतून बांधायची ठरलेली पद्धत) बांधलं होतं, ते चालवणारं कराफ वापरून. ओएसजीआय ही 1999 पासूनची गोष्ट आहे, 2004 ला एक्लिप्सचं (प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर) 3.0 आलं तेही त्याच्यावरच उभं राहिलं. त्यात प्रोग्रामचे तुकडे असतात, त्यांना बंडल म्हणतात, आणि एक बंडल काढून दुसरं बसवता येतं, बाकी जावा प्रोग्राम चालूच राहतो. दुपारी दोन्ही कलेक्शनच्या मध्ये दराचं नवीन बंडल टाकायचं की संध्याकाळी नवीन दराने पावती. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं.

मग नवीन करारात अट आली, सगळं डॉकर आणि कुबरनेटीसवर (अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणारं सॉफ्टवेअर) पाहिजे. आम्हीही मान डोलावली, ही आमची चूक. डॉकरचा कंटेनर कसा असतो, एक इमेज (प्रोग्रामची गोठवलेली प्रत) बनवायची, त्यातून एक प्रोग्राम चालू करायचा, बदल पाहिजे तर नवीन इमेज बनवायची आणि जुना कंटेनर टाकून द्यायचा. आत कोणी काही बदलणार नाही हे त्यात गृहीतच आहे. आणि आमचं सॉफ्टवेअर नेमकं आतूनच बदलणारं. एका दुपारी नेहमीसारखं बंडल चढवलं, संध्याकाळी लिटरमागे दीड रुपया वाढीव दराने पावत्या निघाल्या, लोक खूश. रात्री एक मशीन रिस्टार्ट झालं, कुबरनेटीसने इमेजमधून दुसऱ्या मशीनवर नवा कंटेनर उभा केला आणि इमेजमध्ये जुनं बंडल होतं! कुठे एरर नाही, लॉग स्वच्छ, सगळं अ‍ॅक्टिव्ह दाखवतंय. सकाळी सेंटरवर एक मावशी कालची आणि आजची पावती शेजारी शेजारी धरून उभ्या होत्या, "काल सांजच्याला वाढवला आन सकाळी काढून घेतला व्हय?" सेंटरवरच्या पोराकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही दहा वाजेपर्यंत नव्हतं. फरक नंतर दहा दिवसांच्या बिलात दिला, पण आमच्यावरचा विश्वास गेला तो लवकर आला नाही.

आता कोणी म्हणेल व्हॉल्यूम (कंटेनरबाहेर टिकणारी जागा) लावायचा ना, बंडल साठतात ते कॅशचं फोल्डर बाहेर ठेवायचं. ते केलं आम्ही. मग इमेजमध्ये एक व्हर्जन, व्हॉल्यूममध्ये दुसरं, आणि नक्की कुठलं चालतंय ते कन्सोल उघडून बघितल्याशिवाय कळत नाही अशी गत झाली.

शेवटी आम्ही सिस्टीम कंटेनरवर गेलो, एलएक्सडी नावाच्या सॉफ्टवेअरवर. (आता त्यातूनच निघालेलं इन्कसही आहे, 2023 पासून.) सिस्टीम कंटेनर म्हणजे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) तेवढा सामाईक, बाकी आत आख्खं लिनक्स, सिस्टमडी (बाकीचे प्रोग्राम चालू करणारा), क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा), लॉगिन, सगळं, आणि रिस्टार्ट झाला तरी आतलं आहे तसंच राहतं. ही कल्पनाही काल-परवाची नाही, फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमचे जेल 2000 चे, सोलॅरिस या दुसरीचे झोन 2005 चे. डॉकर तर 2013 ला आलं. ओएसजीआयसारख्या आतून बदलणाऱ्या जावाला हे घर बरोबर बसतं, बंडल बदललं की बदललं, सकाळी उठून जुनं होत नाही. आणि बदलायच्या आधी स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घ्यायचा, आमच्याकडे झेडएफएस या फाइल सिस्टीमवर तो एखाद-दोन सेकंदात होतो. एकदा नवीन बंडलला एका पॅकेजचं वरचं व्हर्जन लागत होतं, ते मिळालं नाही म्हणून बंडल 'इन्स्टॉल्ड'वरच अडकलं आणि दराची सर्व्हिसच गायब, कलेक्शनला वीस मिनिटं राहिलेली. स्नॅपशॉटवर परत गेलो, कंटेनर परत चालू झाला, पावत्या वेळेवर निघाल्या. फक्त डेटाबेस त्याच कंटेनरमध्ये ठेवू नका, नाहीतर स्नॅपशॉट मागे नेताना लोकांनी घातलेल्या दुधाची नोंदही मागे जाईल.

यात सगळं गोडच आहे असं मी म्हणणार नाही. आतल्या लिनक्सचे सिक्युरिटी अपडेट आपल्यालाच करावे लागतात. वर्षभराने आत कोणी काय काय टाकलंय हे कळेनासं होतं, आम्ही आता प्रत्येक बंडलची तारीख वहीत आणि गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) दोन्हीकडे लिहितो. जावा महिनोन् महिने चालू राहतो तेव्हा बदललेल्या बंडलचे जुने क्लासलोडर (बंडलचा कोड मेमरीत आणणारे) कुठेतरी धरून ठेवले गेले तर मेटास्पेस (त्या कोडची माहिती ठेवायची मेमरी) फुगत जातो, त्यावर नजर ठेवावी लागते. आणि मेमरी. जावा स्वतःहून मशीनच्या एक चतुर्थांश मेमरीपर्यंत हीप (प्रोग्रामचा डेटा ठेवायची मेमरी) वाढू देतो, जावा 10 पासून आणि जावा 8 च्या अपडेट 191 पासून त्याला कंटेनरची मर्यादा कळायला लागली, त्याआधीचा जावा 64 जीबीच्या मशीनवर 4 जीबीच्या कंटेनरमध्ये 16 जीबीची स्वप्नं बघायचा आणि कर्नल त्याला मारून टाकायचं. सिस्टीम कंटेनरमध्ये तर जावा सिस्टमडीच्या पोटात चालतो, बाहेरची मर्यादा त्याला दिसेलच असं धरून चालू नये, एक्सएमएक्स (हीपची कमाल मर्यादा) हाताने लिहावं.

डॉकर वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही, आमचं एसएमएस पाठवायचं सॉफ्टवेअर अजून डॉकरवरच आहे आणि छान चाललंय, कारण ते आतून बदलत नाही. माझं म्हणणं टेंडर लिहिणाऱ्यांना आहे. संघ असो, बँक असो, पालिका असो, ब्रँडचं नाव अट म्हणून घालू नका. त्याऐवजी एवढंच लिहा की चालू सॉफ्टवेअरमध्ये आज एक नियम बदलून दाखवा, मग मशीन बंद करा, परत चालू करा किंवा दुसऱ्या मशीनवर उभं करा आणि तीच पावती आमच्यासमोर परत काढा. अर्ध्या तासाचं काम आहे. तुमच्या पुरवणीतही या दुसऱ्या जातीच्या कंटेनरवर एक लेख यावा, लागली तर माहिती मी देईन.

आपला,
एक वाचक, सांगली