ती पोरगी या धंद्यात आली तर

हर्णै, आषाढ

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या विद्यार्थिनीला हाय पॉवर मायक्रोवेव्हमध्ये, म्हणजे प्रचंड ताकदीच्या सूक्ष्मलहरींमध्ये, पीएच.डी. करायची आहे आणि तू विचारतोस, जग सेमीकंडक्टरवर चाललेलं असताना ही पोर व्हॅक्यूम ट्यूबच्या, म्हणजे हवा उपसलेल्या नळ्यांच्या, जमान्यात का शिरतेय? तो जमाना संपलाय कुठे? वहिनींच्या ओव्हनमध्ये मॅग्नेट्रॉन ही मायक्रोवेव्ह काढणारी ट्यूबच बसलीय, २.४५ गिगाहर्ट्झची. कॅन्सर हॉस्पिटलातल्या लिनॅकला, म्हणजे किरणोपचाराच्या यंत्राला, मेगावॉटचे पल्स (क्षणभराचे झटके) मॅग्नेट्रॉन नाहीतर क्लायस्ट्रॉन ही दुसरी ट्यूबच पुरवते. ट्रान्झिस्टरची सगळी उष्णता इवल्याशा चिपमध्ये कोंडते. मोठ्या ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉन पोकळीतून विनाअडथळा धावतात, आणि काम झाल्यावर पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या जाड कलेक्टरवर जाऊन आदळतात. एकाच ठिकाणी मेगावॉट हवे असतील तर आजही ट्यूबच लागते.

सध्या मासेमारी बंद, ३१ जुलैपर्यंत. चुलतभावाची होडी वर ओढून ठेवलीय आणि तिचा रडार आमच्या पडवीत उघडा पडलाय. त्यातला मॅग्नेट्रॉन मुठीत मावेल एवढा. भावाने सवयीने लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर पुढे केला, मी हात धरला. दोन बाजूंच्या चुंबकांना लोखंड चिकटलं की त्यांचा जोर उतरतो, मग ट्यूब धड चालत नाही. पितळी हत्यार शोधण्यात अर्धी सकाळ गेली. या ट्यूबची शिखर शक्ती ४ किलोवॉट, पण पल्स मायक्रोसेकंदाहूनही लहान, त्यामुळे सरासरी काढलीस तर दोनेक वॉट. हे गणित तुझ्या वर्गात घाल, पोरं चक्रावतील.

या मॅग्नेट्रॉनचा पूर्वज रँडल आणि बूट या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४० च्या फेब्रुवारीत बर्मिंगहॅमला चालवला. सुमारे १० सेंटिमीटर तरंगलांबीला ४०० वॉटच्या आसपास, तेव्हाच्या मानाने अचाट. क्लायस्ट्रॉन त्याआधीचा, १९३७ चा, व्हेरियन बंधूंचा. त्याची युक्ती आपल्या एसटीसारखी. डेपोतून गाड्या अर्ध्या-अर्ध्या तासाने सुटतात, पुढची रेंगाळते, मागची पळते, आणि स्टॉपवर तिन्ही एकदम येतात. एका कॅव्हिटीने, म्हणजे धातूच्या पोकळ डबीने, इलेक्ट्रॉनांचे असे घोळके मुद्दाम करायचे, आणि ते जमतात तिथेच दुसरी कॅव्हिटी ठेवून त्यांची ऊर्जा काढून घ्यायची.

इथवर सगळं पुस्तकातलं. पुढे वाटतं, व्होल्टेज वाढवत न्या, शक्ती वाढत जाईल. तशी ती वाढतेही. पाच लाख व्होल्ट आणि काही हजार अँपिअर दिले की गिगावॉटची भाषा सुरू होते. अशा यंत्रांत कॅथोडवर, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकावर, चक्क मखमल लावतात. तिच्या तंतूंवर विजेचा भडका उडून प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, तयार होतो आणि त्यातून इलेक्ट्रॉनांचा लोंढा निघतो. पण हाच प्लाझ्मा मायक्रोसेकंदाला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वेगाने समोर सरकतो, कॅथोड आणि समोरच्या टोकामधली फट बुजवतो, आणि पल्स मध्येच मरतो. म्हणून कुणी ‘एक गिगावॉट’ म्हणून छाती फुगवली की मी आधी विचारतो, किती वेळ? १०० नॅनोसेकंद म्हणजे जेमतेम १०० ज्यूल, १०० वॉटच्या बल्बचं एका सेकंदाचं काम. मला विचारशील तर गिगावॉटपेक्षा तो पल्स लांबवण्यात जास्त विज्ञान आहे. तिला विषय निवडायचा असेल तर हा घ्यायला सांग.

दुसरं टोक जायरोट्रॉन नावाच्या ट्यूबचं, तिथे शक्ती कमी पण पल्स लांब. फ्रान्समधल्या ‘इटर’ या अणुसंमीलनाच्या प्रयोगासाठी १७० गिगाहर्ट्झचे, एकेक मेगावॉटचे जायरोट्रॉन लागतात. एवढी शक्ती ज्या खिडकीतून बाहेर पडते ती कृत्रिम हिऱ्याची चकती असते, कारण साधं सिरॅमिक तापून तडकेल. अख्ख्या यंत्राचा जीव त्या खिडकीत!

आता खरं सांगायचं ते. या धंद्यात गणितापेक्षा हात महत्त्वाचे. तांबं आणि सिरॅमिक चांदी-तांब्याच्या मिश्रधातूने ७८० अंशांना जोडायचं, आख्खी ट्यूब भट्टीत भाजत तिच्यातली हवा उपसत राहायची, मग प्रत्येक सांध्यावर हेलियमचा फवारा मारून लीक डिटेक्टरच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा हलला की पुन्हा पहिल्यापासून. उघड्या बोटाचा ठसा राहिला तरी तेलाचा वायू सुटतो आणि ऐन व्होल्टेजवर ठिणगी पडते. मी आधी नोकरीला होतो तिथे संगणकावरची रंगीत चित्रं साहेबांना फार आवडायची, ब्रेझिंग, म्हणजे हे जोडकाम, करणाऱ्या कारागिराला मात्र मीटिंगला कुणी बोलवत नसे. ट्यूब जगणार की मरणार, हे त्याला आमच्या आधी कळायचं.

तेव्हा तिला विचार, वर्कशॉपमध्ये दिवस काढायची तयारी आहे का? नुसतं सिम्युलेशन करायचं असेल तर दुसरे विषय पुष्कळ आहेत. तयारी असेल तर राजस्थानातल्या पिलानीची सीरी, बंगळुरूची एमटीआरडीसी आणि मुंबईची समीर या सरकारी संशोधन संस्था आहेत, तिन्हीकडे अर्ज करू दे. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘काली’ नावाची इलेक्ट्रॉन बीमची यंत्रं बांधली गेली, पल्स पॉवरकडे, म्हणजे क्षणभरात प्रचंड वीज सोडण्याच्या तंत्राकडे, ओढा असेल तर तिकडेही बघावं. घरचे ‘पोरीला राजस्थानात कशाला’ म्हणतील. त्यांच्याशी तूच बोल, तुझा शब्द मोडत नाहीत असं तूच लिहिलंयस.

मी नारळी पौर्णिमेपर्यंत इथेच आहे. तिला घेऊन ये. रडार तोवर होडीवर चढला नसेल तर तिच्याच हातून जोडून घेऊ, पितळी हत्यार आता सापडलंय.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत