मास्तरांनी माप बदललं

नाशिक, रविवार

प्रिय वैशे,

काल आपल्या मास्तरांकडे गेले होते. त्यांनी टेप लावली, वहीतलं माझं जुनं पान काढलं, आकडे खोडून शेजारी नवे लिहिले आणि काही बोलले नाहीत. मास्तर बोलले नाहीत! तुझा चुडीदार घट्ट झाला तेव्हा अख्ख्या दुकानाला ऐकवलं होतं त्यांनी. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग नवीन शिव ना." म्हणून तुला लिहितेय.

तब्येती बऱ्या. आईचे गुडघे होते तसेच. पिल्लू रांगतंय.

रजा संपली. कायद्याचे २६ आठवडे सुरुवातीला ढीगभर वाटतात. कामावर जायच्या आदल्या रात्री कपाट उघडलं तर दोन डझन कुर्ते, आणि घालण्याजोगा एक नाही. काही काखेत काचतात, रेयॉनचे धुऊन धुऊन लोंबलेत, आणि उरलेले पुढून उघडत नाहीत. दारात पाऊल टाकलं की पिल्लाला कपडे बदलेपर्यंत दम नसतो, तुला माहीत आहे.

तर पाच कुर्ते टाकलेत शिवायला. एकच कट. दोन्ही बाजूंच्या उभ्या शिवणीत चेन, बाहेरून दिसणार नाही अशी. दोन्हीकडे खिसे, मोबाईल आणि स्कूटीची किल्ली मावेल एवढे. खिसा म्हटल्यावर मास्तरांनी कपाळाला आठ्या घातल्याच, "फॉल बिघडतो ताई." बिघडू दे. आत दीड इंच मार्जिन सोडायला सांगितलंय, म्हणजे मी जाड झाले काय नि बारीक झाले काय, उसवून भागेल. कापड आधी रात्रभर भिजवून, वाळवूनच दिलं. मागे तुझ्या इंडिगोचं काय झालं होतं ते मी विसरलेले नाही. ओढण्या बंद, सातपूरपर्यंत चाकाकडे लक्ष ठेवत कोण जाणार?

खाली तीन पँटी: काळी, नेव्ही आणि ऑफव्हाइट. ओरडू नकोस. हळदीचा डाग धुऊन उन्हात टाकला की फिका पडतो. खरा वैरी केळं. लागतं तेव्हा दिसत नाही, नंतर काळं पडतं ते कायमचं. आणि डाळिंब! त्याच्या सालीने कापड रंगवतात ते उगाच नाही. म्हणून वर सगळे गडद, बारीक छापाचे. पावसाळ्यासाठी मात्र दोन पातळ जास्तीचे लागतील, जाडं कॉटन वाळतच नाही गं.

इतकं सगळं ठरवून, पैसे देऊन बाहेर आले आणि रविवार कारंजावर उभ्या उभ्या वाटलं, मी गणवेश शिवायला टाकला. आई आठवली. शाळेत जायच्या तिच्या चार साड्या, आणि आपण दोघी खिदळायचो, "आज गुरुवारची साडी!" ती तेव्हा काय विचार करत असेल? तिने ठरवून तसं केलं होतं, की तिचा रंगातला जीवच गेला होता? माझं काय झालंय ते मलाच कळत नाहीये. सकाळी डोकं शांत राहील हे खरं. पण ज्या मुलीने जांभळ्या कुर्त्यावरून तुझ्याशी पंधरा दिवस अबोला धरला, ती पाचही एका कटचे घेते? (तो तुला शोभत नव्हता. अजूनही माझं तेच मत आहे.)

ऑफिसातले बाप्ये वर्षानुवर्षं तोच आकाशी शर्ट घालतात, त्यांना कुणी हूं म्हणत नाही. मी एक कुर्ता आठवड्यात दोनदा घातला की लगेच, "बरं आहे ना घरी?"

हिशेबही मांडला. दीड हजाराचा कुर्ता आठवड्यातून एकदा घातला तर वर्षाला पन्नास वेळा, म्हणजे वेळेला तीस रुपये. येवल्याची पैठणी लग्नानंतर दोनदा अंगाला लागली, तिचे तूच काढ. तरी ती मी कुणाला देणार नाही, आणि बहुतेक सहावा कुर्ता अगदी निरुपयोगी, जरीच्या काठाचा शिवणार आहे. ह्यांना अजून बोलले नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? सासूबाई आल्यात का गावाहून? चिन्मयला दहावीचं फार ताणू नका. दिवाळीला येणार असशील तर दसऱ्याच्या आधीच माप देऊन जा, नंतर मास्तर कुणाचं शिवण घेत नाहीत. आणि तुझ्या वेळी ते बोलले, तर मला शब्द न् शब्द कळव.

तुझी,
मंजी