मन्या, मास्क एकदाचा काढला बाबा

प्रिय मन्या,

फोनवर नीट सांगता येत नाही, इथे अंदमानात हॅवलॉकला रेंज येते नि जाते, म्हणून लिहितेच. (नाव आता स्वराज द्वीप झालंय, पण बोटवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे हॅवलॉकच म्हणतात.) आज सकाळी ११ला माझी चौथी स्कूबा डाइव्ह संपली आणि तुझी आई ओपन वॉटर डायव्हर (स्कूबाचं पहिलं सर्टिफिकेट) झाली!! आता १८ तास विमानात बसायचं नाही. खाली प्रेशरमुळे अंगात नायट्रोजन मुरतो, तो हळूहळू बाहेर पडू द्यायचा, घाईने वर आकाशात गेलं की गोटी सोडा फोडल्यासारखे रक्तात बुडबुडे होऊ शकतात. कोर्स खरं तर कालच संपायचा होता, माझ्यामुळे एक दिवस लांबला आणि बाबांनी काढलेलं आजचं तिकीट बदलावं लागलं, त्यावरून त्यांची धुसफुस चालू आहे. ते स्वतः पाण्यात उतरलेच नाहीत, बीपीची गोळी चालू असली की मेडिकल फॉर्मवर डॉक्टरची सही लागते आणि ती आणायचा त्यांना कंटाळा, मग चार दिवस किनाऱ्यावर शहाळी पीत माझे फोटो काढले, सगळ्यात माझं डोकं कापलेलं.

मालवणला आपण केलं ते वेगळं होतं रे, तिथे तो मुलगा आपल्याला मागून धरून फिरवतो, आपण फक्त व्हिडिओसाठी हात हलवायचा. इथे सगळं आपलं आपण. बीसीडीत (ते फुगवायचं जॅकेट) किती हवा भरायची, कान कधी इक्वलाइज करायचे (नाक दाबून फुंकायचं, कानातला दडा जातो), सिलिंडरमधला दाब २०० बारवरून कितीवर आला, बडीची, म्हणजे जोडीदाराची, हवा संपली तर त्याला आपला जादा रेग्युलेटर (तोंडात धरून हवा घ्यायचा तो) कसा द्यायचा, सगळं. पोहायची टेस्ट २०० मीटर आणि १० मिनिटं तरंगणं, ते मी हसत केलं, वाईला कृष्णेत पाठीला डबा बांधून शिकलेली बाई आहे मी. थिअरीत ५० पैकी ४६, तुझ्या बारावीच्या फिजिक्सपेक्षा बरे. आणि पहिला नियम काय तर श्वास कधीच रोखायचा नाही, कारण १० मीटरवर प्रेशर दुप्पट असतं आणि तसंच श्वास धरून वर आलं तर फुप्फुसातली हवा फुगते. म्हणजे पूरक-रेचक चालू, कुंभक बंद. माझ्या वीस वर्षांच्या प्राणायामाची पंचाईत.

पण अडकले मी मास्कवर. तळाशी गुडघ्यावर बसून मास्क पूर्ण काढायचा, परत लावायचा, वरची कड दाबून नाकाने हवा सोडायची की पाणी बाहेर. एवढंच. पहिल्या दिवशी छातीएवढ्या पाण्यात मास्क काढला नि नाकात पाणी गेलं, मी सरळ उठून उभी. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर हात मास्कपर्यंत जाईनाच. तोंडात रेग्युलेटर आहे, हवा येतेय, हे डोक्याला कळतं पण नाकाला कोण सांगणार. आणि ती इन्स्ट्रक्टर मुलगी, तुझ्याच वयाची असेल, तिने काही म्हटलं नाही. मनगट धरलं, दुसऱ्या हाताने हळू श्वास घ्यायची खूण केली, आणि नुसती थांबली. किती वेळ थांबली देव जाणे. म्हणाली आज नको, उद्या करू.

त्या रात्री मला झोप नव्हती. सारखा तुझा सहा वर्षांचा चेहरा. त्या स्विमिंग क्लासला तू पायरी सोडत नव्हतास, सरांनी तुला उचलून टाकलं आणि मी कठड्यावरून ओरडले होते, "रडू नको, सगळी मुलं करतायत." टॉवेल होता माझ्या हातात, तो सुद्धा लगेच दिला नाही, म्हटलं सवय लागेल. मग तू पोहणंच सोडलंस आणि मी सगळ्यांना सांगत राहिले की याला पाण्याची आवडच नाही. आवड नव्हती की काय होतं, मी कधी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी डोळे मिटून काढला मास्क. नाकात गेलंच थोडं, खोकले रेग्युलेटरमध्येच (त्यात खोकता येतं, कोणीच सांगत नाही हे), परत लावला, फुंकलं, डोळे उघडले तर ती समोर टाळ्या वाजवतेय, पाण्यात आवाज नाही, नुसते हात. आनंदात मी अंगठा वर केला, आणि अंगठा म्हणजे "वर चला", ती मला घेऊन निघालीच वर!

आज १८ मीटरपर्यंत गेलो. लाल रंग खाली राहतच नाही, माझा लाल टी-शर्ट पार मातकट दिसत होता. समुद्रफुलात क्लाउनफिश होते, एवढेसे, पण मी जवळ गेले तर अंगावर धावून आले, घर राखतात म्हणे. वर येताना ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं असतं, नुसतं अधांतरी. तेव्हा वाटलं तुला हे लिहायचं.

परवा रात्री पोचतो. बाबांनी शंख घ्यायचा हट्ट धरलेला, बिलाशिवाय विमानतळावर अडवतात म्हणून मी नाही म्हटलं, तुझ्याकडे तक्रार आली तर माझी बाजू घे. आणि त्या क्लासचं तुला काय आठवतं ते सांग मला, खरं खरं. मी मध्ये बोलणार नाही.

तुझी,
आई