लॅबच्या काकांना, चौदा नंबरकडून

आदरणीय काका,
सा. न.

त्या संध्याकाळी मी 'थँक्यू काका' म्हणाले आणि तुम्ही 'जा, गाडी जाईल' म्हणून विषय संपवलात. म्हणून हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. लॅबचं कुलूप उघडायचं आणि साडेपाचला लावायचं, एवढंच तुमचं काम, असं आमच्या कॉलेजात अजून पुष्कळांना वाटतं.

या सेमिस्टरला आम्हाला प्रोग्रामिंग लँग्वेजेस हा विषय आहे. सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं, की प्रॅक्टिकल आधी ओकॅमल या प्रोग्रामिंगच्या भाषेत आणि मग रॅकेट या दुसऱ्या भाषेत होतील, सोमवारपर्यंत प्रत्येकाच्या लॅपटॉपवर सगळं चालू पाहिजे. माझा लॅपटॉप आठवडाभरापूर्वीच आला होता, सेकंडहँड. आमचं गाव निफाड तालुक्यात. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत द्राक्षवाल्याच्या घरातून पैसा नुसता बाहेर जात असतो, औषधांना, खताला, मजुरीला. त्यातूनही बाबांनी लॅपटॉपचे पैसे काढून दिले. आणि शुक्रवारी ओकॅमलसाठी त्या लॅपटॉपवर आधी लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) टाकायला गेले, तर काहीही केलं तरी एकच इंग्रजी ओळ येत होती. जिथून घेतला त्या दुकानात फोन केला, तर 'विंडोज नव्याने टाकावं लागेल, ८०० रुपये' असं उत्तर मिळालं. घरी काय सांगू, हे कळेना म्हणून मी जिन्यात बसून राहिले होते.

तुम्ही किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघाला होतात. थांबलात आणि म्हणालात, 'काय गं चौदा नंबर, काय झालं?' माझं नाव तुम्हाला ठाऊक नव्हतं, पण मी कुठल्या मशीनवर बसते ते लक्षात होतं. लॅब पुन्हा उघडलीत.

लॅपटॉप तुम्ही हातात घेतला नाहीत. 'ती ओळ मोठ्याने वाच,' म्हणालात. मी अर्धी वाचली. 'शेवटपर्यंत वाच. त्याला काय पाहिजे ते शेवटी लिहिलेलं असतं. आणि आता मराठीत सांग.' दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकले. पडद्यावर लांब इंग्रजी वाक्य आलं, की माझी नजर त्याच्यावरून घसरून खाली जाते. त्या दिवशी मी पहिल्यांदा एक एरर पूर्ण वाचला. त्यात सरळ लिहिलं होतं, की व्हर्च्युअलायझेशन (एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा चालवायची सोय) बंद आहे, ते बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन चालू करा. विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलच्या दुसऱ्या आवृत्तीला ते लागतंच. लॅपटॉप बंद केला, चालू करताना एफ-२ दाबलं, डिसेबल्डचं एनेबल्ड केलं, सेव्ह केलं. पाच मिनिटांत लिनक्सची काळी खिडकी उघडली. ८०० रुपये वाचले, हे मी बाबांना त्याच रात्री सांगितलं.

मग ओपॅम. ओकॅमलचं सगळं सामान आणून लावणारा हा प्रोग्राम कंपायलर (आपण लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) मूळ कोडपासून बांधत बसतो, त्यामुळे माझ्या लॅपटॉपचा पंखा पाऊण तास घोंघावत होता. तेवढ्यात तुम्ही विचारलंत, ही कुठली भाषा, आमच्या वेळी नव्हती. सरांनी सांगितलेलं मी तुम्हाला सांगितलं. १९७० च्या दशकात एडिनबर्गला रॉबिन मिलनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणितातल्या सिद्धता तपासणाऱ्या प्रोग्रामसाठी एमएल नावाची भाषा केली. तिच्याच वंशातली ओकॅमल १९९६ मध्ये फ्रान्सच्या इन्रिया संस्थेत आली. 'आपल्याकडचं कोणी आहे का त्यात?' या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही माझ्याकडे होतं. एकाच वेळी प्रोसेसरचे अनेक कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) वापरू शकणारं ओकॅमल ५.० डिसेंबर २०२२ मध्ये आलं, आणि त्या कामात आयआयटी मद्रासचे के. सी. शिवरामकृष्णन पुढे होते. तुम्ही किती खूश झालात! तेवढा वेळ मी शिकवत होते आणि तुम्ही ऐकत होतात, ते मला फार आवडलं.

खिडकी बंद करून पुन्हा उघडली, तर यूटॉप, म्हणजे ओकॅमलची ओळ टाइप करून लगेच उत्तर बघायचा प्रोग्राम, सापडेना. 'कमांड नॉट फाउंड.' पाऊण तास वाया गेला म्हणून मला रडूच यायला लागलं. तुम्ही म्हणालात, 'अगं, दुकान आहे तिथेच आहे. पण शोधणारा मेन रोडवरच फिरतोय आणि दुकान आहे भद्रकालीतल्या बोळात. त्याला बोळ सांगायला नको का?' पाथ म्हणजे प्रोग्राम कुठे कुठे शोधायचे त्या पत्त्यांची यादी, हे मला तिथे कळलं. इन्स्टॉल होताना ओपॅमने विचारलं होतं, शेलच्या (त्या काळ्या खिडकीत कमांड घेणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये हा पत्ता लिहून ठेवू का, आणि मी न वाचताच नाही म्हटलं होतं. तो प्रश्न मागे जाऊन आपण दोघांनी वाचला.

यूटॉप उघडल्यावर मी '१ + २' टाइप करून एंटर मारला. काहीच नाही. पुन्हा एंटर. कर्सर नुसता लुकलुकत राहिला. अडकलं वाटून मी खिडकी बंद करणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, 'थांब, वाक्य संपलं हे त्याला कळलेलं नसेल.' सरांच्या कागदावर पाहिलं, तिथे प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अर्धविराम होते. ते दिले आणि खाली उमटलं, इंट, बरोबर ३. मग मी मुद्दाम २ मध्ये २.५ मिळवायला सांगितलं आणि लाल अक्षरात एरर आला. तुम्ही माझ्याकडे नुसतं बघितलंत. मी शेवटपर्यंत वाचला आणि मराठीत सांगितला: 'इथे दशांश आला, मला पूर्णांक हवा होता.' दशांशाच्या बेरजेला ओकॅमलमध्ये अधिकच्या चिन्हापुढे टिंब द्यावं लागतं, आणि दोन्ही संख्या दशांशातच लिहाव्या लागतात. २ चं २.० केलं, टिंब दिलं, उत्तर आलं.

साडेसात वाजले होते. स्कूटरवरून तुम्ही मला आडगाव नाक्यापर्यंत सोडलंत. त्या थंडीत तुमच्या अंगात स्वेटरही नव्हता, आणि तुम्हाला परत उलट्या दिशेला सिडकोत जायचं होतं.

शनिवारी मी वर्गातल्या तिघींचे लॅपटॉप लावून दिले. एकीचा त्रास वेगळाच होता. तिने सगळ्या फाइल विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवल्या होत्या, म्हणून लिनक्समधून प्रत्येक गोष्ट रेंगाळत होती. लिनक्सच्या घरातच फोल्डर केलं आणि काम सुटलं. तिलाही मी एरर मोठ्याने वाचायला लावले, मराठीत सांगायला लावले. आधी ती हसली, मग वाचू लागली.

पुढच्या आठवड्यात रॅकेट टाकायचं आहे. ते मी घरून करून आणीन. अडलं तर काय लिहून आलं होतं ते पूर्ण उतरवून घेऊन येईन.

आमची पहिली काढणी फेब्रुवारीत आहे. बाबांनी तुमच्यासाठी एक पेटी बाजूला काढायची ठरवली आहे. तोवर आईने घरचे बेदाणे दिले आहेत, ते सोमवारी तुमच्या टेबलावर ठेवते. नाही म्हणू नका.

तुमची,
मशीन नंबर १४