निदानप्रणालीची खरेदी पडताळणीशिवाय नको : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री यांस,

स. न. वि. वि.

एक्स-रे आणि सीटी स्कॅन वाचून अहवाल लिहिणे हे माझे रोजचे काम आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या निदानप्रणालींच्या खरेदीचे प्रस्ताव आता सगळ्याच आरोग्य विभागांकडे येत आहेत. त्याविषयी माझी मागणी एकच आहे. अशी प्रणाली ज्या रुग्णालयांत वापरली जाणार, तेथीलच जुन्या नोंदींवर ती आधी तपासावी, विक्रेत्याशी कसलाही संबंध नसलेल्या तज्ज्ञांनी तपासावी आणि निकाल अनुकूल असो वा प्रतिकूल, तो जाहीर करावा.

या तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. प्रथिनाची त्रिमितीय रचना शोधण्यात संशोधकांची वर्षे खर्ची पडत असत; ‘अल्फाफोल्ड’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने 20 कोटींहून अधिक प्रथिनांच्या रचनांचे अंदाज खुले करून दिले आणि 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात त्या कामाला वाटा मिळाला, तो योग्यच होता. पण प्रयोगशाळेत असा अंदाज चुकला, तर पुढच्या प्रयोगात ते उघडकीस येते आणि वाया जातो तो वेळ. रुग्णशय्येपाशी अंदाज चुकला, तर त्याची किंमत रुग्ण मोजतो, आणि चूक झाली हे अनेकदा कोणाला कळतही नाही.

ती कशी होते, याचे उदाहरण माझ्याच क्षेत्रातले आहे. छातीचा एक्स-रे काढताना डावी-उजवी बाजू कळावी म्हणून तंत्रज्ञ कोपऱ्यात शिशाचे एक लहानसे अक्षर ठेवतो. प्रत्येक रुग्णालयातील या अक्षराचा आकार वेगळा, ठेवण्याची जागाही वेगळी. आम्ही अहवाल लिहिताना बाजूची खात्री करतो आणि लगेच फुप्फुसांकडे वळतो. न्यूमोनिया ओळखायला शिकवलेल्या एका प्रणालीची अमेरिकेत तपासणी झाली, तिचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. फिल्म कोणत्या रुग्णालयातली आहे, हे ती प्रणाली जवळजवळ अचूक ओळखत होती आणि त्यासाठी अशा खुणांचाही आधार घेत होती. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण पुष्कळ आणि दुसऱ्यात अगदी थोडे असल्याने, रुग्णालय ओळखले की निम्मे उत्तर हाती येत होते. जिथल्या फिल्मवर ती शिकली, तिथे तिचे गुण म्हणूनच उत्तम दिसले. परक्या रुग्णालयात ते बहुतेक तुलनांमध्ये घसरले. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात छापले जातात ते सहसा पहिल्या प्रकारचे गुण असतात.

हा प्रश्न केवळ एक्स-रेपुरता नाही. जंतुसंसर्गातून उद्भवणाऱ्या सेप्सिसची पूर्वसूचना देणारी एक प्रणाली अमेरिकेतील शेकडो रुग्णालयांत वापरात होती. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये तिची स्वतंत्र तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा सेप्सिस झालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश रुग्ण तिच्या नजरेतून सुटल्याचे दिसले, आणि तरीही दाखल रुग्णांपैकी 18 टक्क्यांच्या बाबतीत ती इशारे देत होती. त्यापूर्वी, 2019 मध्ये, दुसऱ्या एका प्रणालीतील दोष समोर आला होता. रुग्णाची गरज ती त्याच्यावर झालेल्या खर्चावरून ठरवत होती. कृष्णवर्णीय रुग्णांवर तितक्याच आजारासाठी कमी खर्च झालेला असल्यामुळे यंत्राच्या लेखी ते कमी आजारी ठरत होते. ज्यांना आधीच उपचार कमी मिळाले, त्यांनाच पुन्हा मागे ढकलणारा हा हिशेब वाचून मला अतिशय दुःख झाले.

नीट तपासणी करणे अशक्य आहे, असे मात्र कोणी सांगू नये. स्वीडनमध्ये स्तनांच्या कर्करोगाच्या तपासणीत 80 हजारांहून अधिक स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करून तुलना झाली. 2023 च्या प्राथमिक निष्कर्षांत यंत्राची मदत घेतलेल्या गटात कर्करोग ओळखण्याचे प्रमाण घटले नाही आणि फिल्म वाचण्याचे काम 44 टक्क्यांनी कमी झाले. असा पुरावा घेऊन येणाऱ्या प्रणालीचे मी मनापासून स्वागत करीन, आणि तरीही तिची आपल्या फिल्मवर तपासणी मागेन.

म्हणून निविदेतच अट असावी, की पडताळणीचे निकाल स्त्री-पुरुष, वय आणि समाजगट यांनुसार स्वतंत्रपणे द्यावेत. प्रणालीत किंवा एक्स-रे यंत्रात बदल झाला की तपासणी पुन्हा व्हावी. तिचा खर्च खरेदीच्या रकमेत आधीच धरावा, कारण नंतर त्यासाठी पैसे उरत नाहीत. यंत्राचे मत बाजूला ठेवणाऱ्या डॉक्टरकडून त्याचे कारण जरूर लिहून घ्यावे, पण केवळ त्यासाठी त्याला जाब विचारला जाऊ नये.

हा आदेश पहिल्या खरेदीपूर्वी निघावा, ही विनंती. पडताळणीसाठी फिल्म वाचणारे लागतील. ते काम मी विनामोबदला करायला तयार आहे.

आपला नम्र,
एक रेडिओलॉजिस्ट