सुशीलाताई, पाच मार्चला आमच्याकडे आंब्याचा सीझन असतो

मा. सुशीला कार्की,
अंतरिम पंतप्रधान, नेपाळ
सप्टेंबर २०२५

ताई, नमस्कार. मी देवगडचा, सिंधुदुर्ग जिल्हा, हापूसची दीडेकशे कलमं आहेत त्यावर आमचं घर चालतं. तुमचं माझं तसं काही नातं नाही, पण आमच्या बागेत तुमच्या अछाम जिल्ह्यातलं एक कुटुंब नऊ वर्षं राहतंय, त्यामुळे गेले तीन आठवडे आमच्या टीव्हीवर मुंबईपेक्षा काठमांडूच जास्त चालू आहे. कोकणात आता बाग म्हटली की राखायला नेपाळी आलाच, मच्छीमार बोटींवर खलाशीसुद्धा नेपाळी. आमची पोरं मुंबईला गेली आणि त्यांच्या जागी तुमची पोरं आली असा सगळा हिशोब आहे.

खरं सांगायचं तर सुरवातीची दोन-तीन वर्षं आम्ही बाग राखणाऱ्या त्या गड्याला नावानं हाकच मारली नाही. गुरखा. गावात सगळे तेच म्हणायचे म्हणून आम्ही पण. त्याची बायको, पोरगं पण इथेच, पोरगं झेडपीच्या शाळेत जातं आणि आता आमच्यापेक्षा चांगलं मालवणी बोलतं, मला बघितलं की "काका, खंय चल्लास" म्हणून विचारतं.

तर ४ सप्टेंबरला तुमच्या आधीच्या सरकारनं फेसबुक, व्हॉट्सॲप, यूट्यूब धरून सव्वीस ॲप बंद केली. इथे गणपती चालू होते, मला पत्ताच नाही. हा गडी मात्र संध्याकाळी आमच्या मागच्या सड्यावर, जिथे रेंज येते तिथे, फोन वर धरून उभा. मेव्हणा काठमांडूला कॉलेजात शिकतो आणि त्याच्याशी बोलायचं ते व्हॉट्सॲपवरच, साधा कॉल परवडत नाही. मग ८ तारखेला त्या बंदीविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या पोरांवर गोळीबार झाला, एका दिवसात एकोणीस जण गेले, त्यात शाळेच्या युनिफॉर्ममधली पोरं पण होती. ते टीव्हीवर दिसल्यावर त्याची बायको आमच्या पडवीत येऊन बसली ती रात्री अकरा वाजता उठली, काही बोलली नाही, जेवली नाही. मेव्हणा सुखरूप आहे हे दुसऱ्या दिवशी कळलं, आणि त्याच दिवशी तेव्हाचे पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, सिंहदरबार म्हणजे तुमचं मंत्रालय जळलं, संसद जळली, तुमचं सुप्रीम कोर्टसुद्धा जळलं. ज्या कोर्टात तुम्ही देशाच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश म्हणून बसलात ते जळताना बघून तुम्हाला काय वाटलं असेल ते मला नाही सांगता येणार.

तुमच्याबद्दल वाचलं त्यात मला आवडलं ते हे की २०१७ ला पुढाऱ्यांनी तुमच्यावर महाभियोग आणला तरी तुम्ही वाकला नाहीत. डिस्कॉर्डवर, म्हणजे पोरं गेम खेळताना बडबडतात त्या ॲपवर, पंतप्रधान म्हणून तुमचं नाव पुढे आलं हे मी आमच्या बाबांना समजावून सांगायला अर्धा तास घेतला. शेवटी ते म्हणाले, म्हणजे पोरांनी देवळात बसून गावकार निवडला तसं. हो, जवळजवळ तसंच. आणि एनर्जी खात्याला तुम्ही कुलमान घिसिंग घेतलेत, ज्यांनी काठमांडूचं अठरा-अठरा तासांचं लोडशेडिंग संपवलं. आमच्याकडे चार थेंब पडले की लाईट जाते, सहा महिन्यांनी ते मोकळे झाले तर इकडे पाठवा (हे गमतीत).

पण सहा महिने हा विषय गमतीचा नाही. तुम्ही स्वतः म्हणालात की आम्ही सत्ता चाखायला आलो नाही, सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणार नाही. ५ मार्च २०२६ ही इलेक्शनची तारीख पण जाहीर झालीय. आम्ही इथे बसून ऐकलेलं असं की खुर्चीवर बसलेला माणूस उठायच्या वेळेला काहीतरी कारण काढतोच, एकदा वातावरण ठीक नाही, एकदा याद्या तयार नाहीत. तुम्ही तसं करू नका एवढीच माझी विनवणी. सत्तरच्या वर माणसं गेलीत, चौकशीला आयोग नेमलात ते बरं केलंत, आता गोळी झाडायची ऑर्डर कोणी दिली ते नाव बाहेर येऊदे, आणि आगी कोणी लावल्या ते पण.

आता माझं मुख्य काम. पाच मार्च म्हणजे आमच्याकडे आंबा सुरू. पहिल्या पेट्या वाशीला जायला लागतात, माकडं आणि चोर दोन्ही टपलेले असतात, राखणदार एक दिवस हलला तरी नुकसान. अशा टायमाला कोकणातल्या बागांमधले तुमचे मतदार अछामला जाणार कसे? आमचा गडी २०१७ च्या इलेक्शनला इथेच होता, २०२२ ला पण इथेच. तिशी उलटून गेली, पोरगं शाळेत जातं, पण अजून एकदाही मत दिलेलं नाही. परदेशातल्या नेपाळ्यांसाठी मतदानाची सोय करा असं तुमच्याच सुप्रीम कोर्टानं २०१८ ला सांगून ठेवलंय, म्हणजे तुम्ही रिटायर झाल्यावर वर्षभरातच. पाच महिन्यांत ते सगळं जमेल असं मी म्हणत नाही, पण निदान सुरवात तुमच्या हातून व्हावी. देशाच्या उत्पन्नाचा चौथ्या हिश्श्याच्या आसपास पैसा जी माणसं बाहेरून पाठवतात त्यांनाच मत नाही, हे कसं काय?

हे मी बोलतो कारण आम्ही त्यातूनच आलोय. कोकण मनीऑर्डरवर जगलं ताई. माझे आजोबा गिरणीत होते, आजी इथे पोस्टमनची वाट बघायची. त्या पैशावर घरं उभी राहिली पण गावात म्हातारी माणसंच उरली. म्हणून तुमच्या पोरांना तिथेच काम मिळावं असं मला मनापासून वाटतं, मग मला राखणदार मिळाला नाही तरी चालेल. चालेल म्हणजे, बोंब मारेन दोन वर्षं, पण चालेल.

घटस्थापनेला आमच्या देव्हाऱ्यात रुजवण घातली, त्याच दिवशी गड्याच्या बायकोनं खोपीत जमरासाठी, म्हणजे तुमच्या दसैंच्या रुजवणीसाठी, जव पेरले. बाबांनी गाऱ्हाणं घातलं, ते जसंच्या तसं लिहितो:

बा देवा कुणकेश्वरा, पशुपतिनाथाक सांगणा कर म्हाराजा. डोंगरापलीकडे जी माऊली गादयेर बसली हा तिच्या पाठीशी उभो रव. जी पोरा गोळयेक बळी पडली तेंच्या आवशी-बापाशीक न्याय गावांदे. कोणाच्या घराक आग लागा नको, आणि पोटासाठी मुलूख सोडून इलेल्या लेकरांका घराकडची वाट दाखय रे म्हाराजा!

व्हय म्हाराजा.

तुमचा,
देवगडचा एक बागायतदार

ता. क. मी त्याला फेब्रुवारीअखेर पंधरा दिवस पगारी सुट्टी देणार आहे, बाग आम्ही भाऊ-भाऊ मिळून राखू. आमच्याकडे रेल्वेचं रिझर्वेशन साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे कणकवली ते दिल्ली तिकीट डिसेंबरच्या शेवटाला काढावं लागेल, पुढे नेपाळच्या सीमेवरच्या बनबसापर्यंत बस. कॅन्सल केलं तर पैसे कापतात. तेव्हा तारीख बदलू नका.